‘आकर्षक फॉन्ट निवडावा’ म्हणजे नेमकं काय करावं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत महिला बचत गटांच्या मालाच्या पॅकिंगवर आलेला लेख वाचला. लेख कामाचा आहे. पाउच कुठला घ्यावा, बरणी काचेची की प्लॅस्टिकची, सीलिंगचं मशीन घ्यावं की भाड्याने आणावं, हे सगळं बाईने वाचलं तर तिला उपयोग होईल असं लिहिलंय. लेबलाबद्दल मात्र त्यात एकच वाक्य आहे : ‘नावासाठी आकर्षक फॉन्ट निवडावा.’ माझं पत्र या एका वाक्यावर आहे. ते लांबलंय; काटछाट करायचा हक्क आपलाच.

मी कऱ्हाडला राहतो. पाट्या रंगवणं हा माझा धंदा. दुकानं, दूध संस्था, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीतली चिन्हं, सगळं रंगवलं. फ्लेक्स आला तसा ब्रशचा धंदा बसला, आणि मी मुलीच्या संगणकाशेजारी खुर्ची टाकली. ती स्क्रीन प्रिंटिंगची आणि लेबलांची कामं घेते. मशीन तिचं, अक्षराकडे बघायचं काम माझं. आसपासच्या गावांतल्या बायका येतात. कुणाची शेंगदाणा चटणी, कुणाची काकवी, कुणाचं उटणं, साबण, वाकळ, कापडी पिशव्या. सगळ्यांसाठी मी पेंटरकाका.

आल्या आल्या मोबाइल पुढे होतो. ‘काका, असलं अक्षर पाहिजे.’ फोटोत बहुतेक वेळा कुठल्या तरी शहरातल्या साबणाची वडी असते आणि तिच्यावर बारीक, विरळ, इंग्रजी अक्षरं. दिसायला सुरेख असतं, यात वाद नाही. पण ते सुरेख का दिसतं, ते गुळगुळीत पांढऱ्या पुठ्ठ्यावर ऑफसेटने छापलंय म्हणून की इंग्रजीत पाच सुटी अक्षरं आहेत म्हणून, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे त्या जागी ‘कडुलिंब-तुळस’ लिहायचं असतं. वर वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, आणि छपाई खाकी कागदावर.

म्हणून मी आधी फॉन्टचं बोलतच नाही. विचारतो, हे नाव कोण वाचणार, किती लांबून वाचणार आणि ते कशावर छापणार. या तीन गोष्टी कळल्या की निम्मे फॉन्ट आपोआप गळतात.

वाकळीचंच बघा. आमच्या भागातली वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून वरून धावदोऱ्याने शिवलेली. पलीकडच्या गावातल्या एका वहिनींनी सासूबाईंच्या हाताखाली ती शिकली आणि आता दोघी मिळून विकायला करतात. नाव त्यांनीच ठरवलं होतं, ‘आजीची वाकळ’. अक्षरही ठरवून आणलं होतं : मोदक. हा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी घडवलाय. नावासारखाच गुबगुबीत. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ संपलेली, नुसती केसाएवढी फट ठेवलेली. मला तो फार आवडतो. स्टॉलच्या मागच्या कापडावर हातभर उंचीचं ‘वाकळ’ त्यात लिहा, रस्त्यापलीकडून लहान पोरगंसुद्धा वाचेल.

पण वहिनींना तो हवा होता वाकळीच्या कोपऱ्याला शिवायच्या चिंधीवर. दोन इंच रुंदीची मांजरपाटाची पट्टी, त्यावर स्क्रीनने एका रंगात छपाई. मांजरपाटाचा धागा जाड आणि खरखरीत. जाळीतून उतरलेली शाई धाग्याच्या कडेने थोडी तरी पसरतेच. मोदकमधली ती केसाएवढी फट त्या मापाला राहिली असती धाग्यापेक्षा बारीक. मुलीने समजावून सांगितलं, वहिनींचं समाधान होईना. शेवटी एक पट्टी छापूनच दाखवली. ‘ळ’चे दोन्ही डोळे मिटलेले, ‘क’ भरून गेलेला, आणि सगळं मिळून निळा डाग. मग त्याच मापात ‘यात्रा वन’ छापला. हा फॉन्ट कॅथरीन श्मिट नावाच्या डिझायनर बाईंनी मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या बघून केला. चपट्या ब्रशचा फटकारा त्यात जसाच्या तसा आहे. अक्षराची जाडी भरपूर आणि पोट मोकळं. मांजरपाटावर तो स्वच्छ उठला. ‘वाकळ’ त्यात मोठं घेतलं आणि ‘आजीची’ वर साध्या ‘मुक्ता’मध्ये लहान. सासूबाईंनी चष्मा न लावता वाचून दाखवलं, तिथे वाद संपला.

यात मोदक वाईट आणि यात्रा चांगला असा निकाल नाही. फ्लेक्सवर मी आजही मोदकच देईन. शोभेचा फॉन्ट कुठल्या मापाला तगतो हे त्याच्या नमुन्यावरून कळत नाही, कारण नमुना नेहमी मोठाच दाखवलेला असतो, तोही पडद्यावर. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ घ्या. जाड रेषा अतिजाड, बारीक रेषा सुईसारखी. चकचकीत कागदावर मिठाईच्या खोक्याला काय शोभतो! पण खाकी कागदावर रबरी शिक्क्याने तोच उठवायला जा, बारीक रेषा कुठे उठेल, कुठे नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की लेबल खऱ्या मापात, खऱ्या कागदावर छापायचं, बरणीला चिकटवायचं आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. त्यानंतर बरणीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि बोटाने मोठा न करता बघायचा. हल्ली निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बरणी हातात घ्यायच्या आधी तो नखाएवढा फोटोच बघतं. तिथे नाव वाचता आलं नाही तर खाली कितीही सुंदर वेलबुट्टी काढा, पुढचा माणूस बोट वर सरकवून मोकळा.

आता माझ्या गावाचं दुखणं. आमचं गाव कऱ्हाड. सरकारी कागदावर कराडही चालतं, पण मी आणि माझ्यासारखे बरेच जण कऱ्हाडच लिहितो. या ‘ऱ्ह’ने लेबलांवर जे हाल सोसलेत ते विचारू नका. मोबाइलवर र, हलंत, ह असं नुसतं टाइप केलं की रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो आणि होतं ‘कर्हाड’. नीट टाइप केलं तरी फॉन्टात तो अर्धा र घडवलेलाच नसेल तर पाय मोडलेला र वेगळा आणि ह वेगळा. हा र मराठीला रोज लागतो : वऱ्हाडी, कुऱ्हाड, दऱ्या, पुऱ्या, बाऱ्या. हिंदीला तो लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणून मिळणाऱ्या काही शोभेच्या फॉन्टांत तो राहून गेलेला असतो. फॉन्ट पसंत पडला की ‘नमस्ते’ लिहून बघू नका, ते सगळ्यांत येतं. आपल्या मालाचं नाव लिहा, गावाचं लिहा, गटाचं लिहा. गटाच्या नावात विठ्ठल असेल तर ‘ठ्ठ’ कसा दिसतो, लक्ष्मी असेल तर ‘क्ष्म’ कुठे मोडतो, उद्योग असेल तर ‘द्य’ ओळखू येतो का, कृष्णा असेल तर ‘कृ’ आणि ‘ष्ण’. आमच्याकडे नदीमुळे दर तिसऱ्या गटाचं नाव कृष्णामाई असतं, त्यामुळे ‘कृ’ची परीक्षा मी सगळ्यात आधी घेतो.

‘शेंगदाणा-लसूण चटणी’ हे नाव तर परीक्षेसाठीच जन्माला आलंय. पहिल्या शब्दाला श, दुसऱ्याला ल, आणि दोन्ही अक्षरं मराठीत एका वळणाची, हिंदीत दुसऱ्या. आपला ल पाकळीचा. हिंदीतला ल उभ्या दांड्याला धरून असतो. राज्य शासनाने १० नोव्हेंबर २०२२च्या निर्णयात मराठीसाठी ल आणि श कसे लिहावेत हे ठरवून दिलंय, शाळेतल्या पोरांना ते शिकवतातही. बाजारातल्या पाकिटावर मात्र बहुतेक ठिकाणी हिंदी वळणच दिसतं. त्याचं कारण कुणाचा दुष्टावा नाही. बरेच फॉन्ट उघडल्यावर हिंदी रूपं दाखवतात. काहींत मराठी रूपं आत ठेवलेली असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. टिरो देवनागरी या फॉन्टने तर मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी तीन वेगळ्या आवृत्त्याच काढल्या. मुलगी म्हणते, ‘आबा, चटणी खाणाऱ्याला काय फरक पडतो?’ वाचायला काही अडत नाही हे मलाही कबूल. पण ‘घरची, गावची’ म्हणून जी चटणी आपण चार पैसे जास्त घेऊन विकतो, तिच्या नावातली पहिलीच अक्षरं परगावची दिसली तर मला खटकतं, आणि मला खटकतं म्हणून मी बदलून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

अक्षरं फाकवण्याची एक टूम निघालीय. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ठेवली की उच्चभ्रू दिसतात, म्हणून मोबाइलवरच्या डिझाइन ॲपमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची दांडी मराठी नावालाही ओढतात. इंग्रजी अक्षर मुळातच सुटं, त्याचं काही जात नाही. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ‘उटणे’ हा एक शब्द न राहता ‘उ ट णे’ अशी तीन अक्षरं होतात. शिरोरेषा मुद्दाम काढून घडवलेली अक्षरं वेगळी. ती तशीच वाचायची म्हणून रेखलेली असतात. जागा भरायचीच असेल तर अक्षर मोठं करा, दोन्ही बाजूंना मोकळं सोडा. आडवं ताणूही नका. ताणलं की काने, दांडे फुगतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते. हा प्रकार सगळ्यात जास्त होतो ‘मंगल’ फॉन्टवर, कारण तो विंडोजच्या बऱ्याच संगणकांवर आयताच असतो. मंगल घडवला र. कृ. जोशींनी. देवनागरीचा एवढा मोठा जाणकार, त्यांनी तो पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून केला होता. लाडवाच्या डब्यावर दुप्पट रुंद करून सोनेरी रंगात बसवावा म्हणून नव्हे.

सोनेरीवरून आठवलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं अक्षर, म्हणजे मागे सावली, कडेला पांढरी किनार, आत सोन्याची चमक, हे आता चटणीच्या बरणीवरही येऊन बसलंय. त्याचा चुलतभाऊ म्हणजे ‘ऐतिहासिक’ अक्षर, ज्यात प्रत्येक काना तलवारीच्या पात्यासारखा. पापडाला तलवार कशाला? एका ताईंना साबणाचं नाव मोडीत हवं होतं. मी म्हटलं, ताई, मोडी वाचणारं गिऱ्हाईक तुमच्या स्टॉलवर किती येणार? त्या म्हणाल्या, वाचायला नको काका, दिसायला पाहिजे. मग कडेची नक्षी मोडीची केली आणि नाव बाळबोध ठेवलं. ही तडजोड मला पटली.

‘हाताने केलेलं’ म्हटलं की लोक हस्ताक्षराचा फॉन्ट घेतात. ‘कलम’ नावाचा एक आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचाच, नीट वळणाचा आणि वाचायला सोपा. त्यामुळे तो इतका वापरला गेलाय की कुठल्याही प्रदर्शनात एका रांगेत चार स्टॉलवर भेटतो. पण फॉन्ट तो फॉन्ट. ‘काकवी’ लिहून बघा. दोन क शेजारी शेजारी येतात आणि दोन्ही शाईच्या थेंबापर्यंत सारखे. हाताने लिहिणाऱ्याचे दोन क कधी सारखे येत नाहीत. गिऱ्हाइकाला हे सांगता येणार नाही, पण डोळ्याला कळतं.

आणि इथे मला जे मुळात म्हणायचंय ते येतं. मालाचं नाव असतं चार-पाच अक्षरांचं. ते वर्षानुवर्षं बदलत नाही. त्याला फॉन्ट हवाच कशाला? फॉन्ट हवा असतो जिथे रोज नवा मजकूर जुळवायचाय तिथे. ‘काकवी’ ही तीन अक्षरं एकदा नीट लिहून घेतली, कागदावरून स्कॅन केली आणि संगणकावर त्यांच्या कडा स्वच्छ करून घेतल्या की जन्माचं काम झालं. तीच शिक्क्याला, तीच पिशवीला, तीच फ्लेक्सला. कमल शेडगे यांनी आयुष्यभर मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं अशीच नाटकागणिक नवी घडवली; ते २०२०मध्ये गेले, तरी पेपरात बघितलेलं ते अक्षर आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. नावाला स्वतःचं अक्षर असावं, ही मराठीत काही नवी गोष्ट नाही.

पेंटर आपल्या धंद्याचं बोलतोय असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण मी पेंटरकडूनच लिहून घ्या असं कुठे म्हणतोय? जी बाई काकवी करते तिलाच आम्ही लिहायला बसवतो. तिरकी कापलेली बोरूची कांडी किंवा चपट्या टोकाचा जाड मार्कर, पांढरा कागद, आणि तेच नाव पानभर. बारीक टोकाच्या पेनने लिहू नका. त्यात जाडी-बारकी येत नाही आणि देवनागरीचं सगळं रूप त्या जाडी-बारकीतच आहे. सुरुवातीची नावं शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी येतात, कारण हात अवघडलेला असतो. गप्पा सुरू झाल्या, हात सैल पडला की खालच्या ओळींत अक्षर जमतं. त्यातलं एखादं नाव उचलायचं. कधी ‘का’ एका ओळीतला आणि ‘वी’ दुसरीतला, असंही जुळवतो. प्रत्येकाचं अक्षर चालतं असं मी म्हणणार नाही. काहींचं इतकं किरटं असतं की तिथे मुकाट्याने यात्रा किंवा ‘बालू’ काढावा लागतो.

बालूचं एक वेगळं महत्त्व आहे. तोही एक टाइपचा, गोल टोकांचा, हसऱ्या स्वभावाचा. तो अनेक भारतीय लिप्यांत केलेला आहे, कन्नडमध्येही. आमच्याकडचा माल महामार्गाने खाली बेळगाव-हुबळीपर्यंत जातो. तिथल्या दुकानदाराला लेबलावर कन्नड नाव हवं असेल तर मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच हातची दिसतात. ही सोय हाताने लिहून मी देऊ शकत नाही, कारण मला कन्नड येत नाही. उटण्या-अत्तराला जुनं वळण हवं असेल तर ‘जैनी’ बघावा. १५०३च्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितातल्या अक्षरावरून तो घडवलाय. नुसत्या नावापुरता वापरला तर देखणा दिसतो. मात्र अख्खी घटकसूची त्यात लावलेला एक डबा मी पाहिला, तो वाचायला पंडित लागेल.

घटकसूची, वजन, पत्ता, तारीख यांना शोभेचा फॉन्ट लावूच नये. तिथे मुक्ता, हिंद असलं साधं, सरळ अक्षर. त्या बारीक मजकुराला कायदाही आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे जी माहिती छापणं सक्तीचं आहे तिचं अक्षर निदान १ मिलिमीटर उंच लागतं आणि रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी चालत नाही. म्हणजे जागा पुरत नाही म्हणून अक्षर चेपून उभं सडपातळ करायचं, हे नियमातही बसत नाही. शिवाय ही माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला खुशाल द्या, पण एकट्या मराठीवर भागत नाही. वजन-किमतीचे आकडे इंग्रजी वळणाचेच ठेवावेत. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही लागतो. हे सगळं आधी लेबलावर मांडून घ्या आणि उरलेल्या जागेत नाव किती मोठं बसतं ते बघा. बायका उलटं करतात. आधी नाव, मग फूल, मग ‘हँडमेड विथ लव्ह’, आणि वजन कडेला उभं.

पैशाचं एक राहिलं. वर सांगितलेले फॉन्ट, मंगल सोडून, गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात. विकायच्या मालाच्या लेबलावर छापायला त्यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. पण इंटरनेटवर ‘फुकट’ म्हणून जे हजारो मिळतात त्यांतले बरेच फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. पोरीच्या वाढदिवसाच्या पत्रिकेला चालतील, बाजारात विकायच्या बरणीला नाही. फॉन्टच्या फाइलीसोबत परवान्याचा कागद येतो, तो एखाद्या शिकलेल्या भाच्याकडून वाचून घ्यावा. आणि छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्यावेत, म्हणजे फॉन्ट न राहता अक्षरांचे नुसते आकार राहतात, नाहीतर तिकडच्या संगणकात तो फॉन्ट नसला की तो गुपचूप दुसराच बसवतो. असं झालेल्या पाचशे स्टिकरांचा गठ्ठा घेऊन एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. नाव ‘तुळजाई’, आणि छापून आलं होतं उकार सुटलेलं, शिरोरेषा तुटलेली. छापखानेवाला म्हणाला, फाइल तुमचीच. त्याचंही खरं होतं.

दुकानांच्या मराठी पाट्यांचा विषय गाजला तेव्हा मी फार खूश झालो होतो. २०२२मध्ये कायदा बदलला, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं, पुढच्या वर्षी मुंबईच्या दुकानदारांना सर्वोच्च न्यायालयानेही पाट्या बदलायला सांगितलं. पाट्या बदलल्या. पण माप पट्टीने मोजता येतं म्हणून अक्षर मोठं झालं. वळण कायद्यात मोजता येत नाही, ते होतं तिथेच राहिलं. बचत गटांच्या मालाचं असं होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

मागणी साधी आहे. बचत गटांसाठीच्या सरकारी ‘उमेद’ अभियानाच्या आणि बाकी संस्थांच्या प्रशिक्षणात पॅकिंगचा दिवस असतो, त्यात एक दुपार अक्षराला द्यावी. व्याख्यान नको. बायकांना बोरू आणि कागद द्यावा, शेजारी स्क्रीनची चौकट ठेवावी, आणि ज्याचं त्याने आपलं नाव आपल्या कागदावर, आपल्या कापडावर छापून बघावं. मुंबईतलं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी अशा जत्रांच्या आयोजकांनी स्टॉल देताना नावाची पाटी एकाच साच्यात छापून देतात ती देऊ नये. जिने नाव लिहून आणलंय तिला तेच अक्षर पाटीवर लावू द्यावं. सगळ्या स्टॉलवर एकच फॉन्ट असला की चटणी कुठे आणि चादर कुठे हे वाचूनच शोधावं लागतं.

आणि आपल्याला एक विनंती. आमच्या दुकानाच्या भिंतीवर एक तक्ता लावलाय. शेंगदाणा, लसूण, काकवी, ठेचा, उटणे, वाकळ, कृष्णामाई, विठ्ठल, कऱ्हाड हे शब्द, सात-आठ खुल्या फॉन्टांत, लेबलाच्या खऱ्या मापात. असा तक्ता पुरवणीच्या अर्ध्या पानावर छापावा. फाइल मुलगी विनामूल्य पाठवेल, कर्व्ह करूनच. आपला कागद शाई पितो, त्यामुळे बायकांना पान खाकी लेबलाशेजारी धरून कुठलं अक्षर तगतंय ते बघता येईल.

आपला,
एक जुना पेंटर, कऱ्हाड (जि. सातारा)